जुंपून घेतलेलं मशीन

टक, टक, टक.

दुपारच्या शांततेत तो आवाज आला आणि सासू द्रौपदाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "उंदीर शे. कणगीमा घुसना व्हई."

सुनंदाने बोटं थांबवली. "उंदीर नही, आत्याबाई. मी शे."

"मंग उंदीरच बरा. तो दाना खास. परातले ठोकत बसत नही."

सुनंदा गालात हसली. समोर पालथी घातलेली परात होती आणि परातीवर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर निळ्या शाईने आखलेल्या अक्षरांच्या चार ओळी, जिथे बोट जास्त पडतं तिथे पुसट झालेल्या. धुळ्याला माहेरी असताना ती मराठी टायपिंगची थर्टीची परीक्षा पास झाली होती. लग्न होऊन खैरपाड्याला आली त्याला सहा वर्षं झाली, लेक उज्जू पाच वर्षांची झाली, तरी दुपारी सगळे निजले की ती हा पुठ्ठा काढायची. बोटं विसरून जातील अशी धास्ती होती. पोहणारा पोहणं विसरत नाही म्हणतात, पण बोटांचा तिला भरवसा नव्हता. निंदणीच्या दिवसांत ती सुजायची, कपाशी वेचताना बोंडांची टोकं बोचून फाटायची, आणि मग कितीतरी दिवस पुठ्ठ्यावर डावी करंगळी भलत्याच घरात पडायची.

ते साल सत्त्याऐंशीचं. पांझरा नदीत वाळूशिवाय काही नव्हतं. दारं लोटून गाव निजलं होतं आणि गोठ्यात चांदा बैल एकटा उभा होता.

चांदाचा जोडीदार दिवाळीनंतर गेला. कापलेल्या ज्वारीचे विषारी कोवळे फुटवे खाऊन आला आणि तिन्हीसांजेला पाय ताणून पडला. मग शेजारच्या हिलालच्या एका बैलासोबत चांदाची सावड केली. एक बैल त्याचा, एक यांचा, आणि दोघांची शेतं आळीपाळीने. पण होळीला हिलालने स्वतःची जोडी पुरी केली आणि चांदाला काम उरलं नाही. एकटा बैल म्हणजे नुसता कडब्याचा खर्च. घरात हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. सासरे रुपचंद आबा तर रोज पहाटे त्याला खरारा करायचे, जसा काही आज नांगराला जायचा आहे.

त्या संध्याकाळी सोसायटीचा सचिव छगन ओट्यावर टेकला. कानाला पेन्सिल, काखेत कागदांची चळत. बावीस शेतकऱ्यांना विहिरीवर वीज पाहिजे होती. प्रत्येकाचा अर्ज टाइप करून, चार प्रतींत, धुळ्याच्या ऑफिसात द्यायचा होता.

"वहिनी, तुम्हनाकडे मशीन राहतं तर हे बठ्ठं काम तुम्हलेच दिधं असतं," छगन म्हणाला. "एकेक कागदसाठे धुळ्याले जावं लागतं. कोर्टासमोर रांग. दिवस जास तो जास, वर त्या टायपिस्टना मिजास."

"मशीन काय झाडले लागस का?" सुनंदाचा नवरा भिकन अंगणातून म्हणाला. तो केळीच्या ट्रकवर घड चढवायच्या कामाला जायचा, आठ-आठ दिवस तिकडेच. आज आला होता. त्याच्या सदऱ्यावर चिकाचे काळे डाग होते, ते कधी निघायचे नाहीत.

"झाडले नही," छगन म्हणाला, "पण जुनं भेटस. दुरुस्त करेल. सोसायटीनं काम बारा महिने राही."

सुनंदा चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली. तिला भीती वाटली की मनातली आशा तोंडावर दिसेल. आबा खुंट्याजवळ बसून दोरखंड वळत होते. 

शुक्रवारी आबांनी चांदाला विहिरीवर नेऊन अंघोळ घातली. शिंगांना तेल लावलं. द्रौपदाबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. उज्जूने त्याच्या पुढ्यात गुळाचा खडा धरला. बाजारातून आबा आले ते खांद्यावर दावं टाकून. जनावर विकतात, दावं विकत नाहीत. ते त्यांनी खुंटीला अडकवलं, धोतराच्या सोग्यातली पुरचुंडी देवापुढे ठेवली आणि सुनंदाला म्हणाले, "तुनं मशीन."

कोणाला दिला, हे त्यांनी सांगितलं नाही. विचारायचं धाडस तिला झालं नाही. तिला मशीन पाहिजे होतं, पण ते असं नव्हतं पाहिजे. त्या रात्री जेवण कोणालाच गेलं नाही.

*

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या बोळात पितांबर मिस्तरीचं टाइपरायटरचं दुकान होतं. वर टायपिंग क्लास, खाली मिस्तरी. जिना उतरणाऱ्या पोरी वह्या छातीशी धरून क्षणभर थांबायच्या. सुनंदाही कधीकाळी अशीच थांबायची. दुकानात तोच रॉकेलचा आणि ओल्या रिबनीचा वास होता. त्या वासाने तिला अठरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच हातातली पिशवी आणि शेजारचे आबा दिसले.

फळीवर तीन मशीनं मांडलेली. एक नवाकोरा हिरवा रंग दिलेलं. एक ऑफिसातलं, काळं, अवजड, म्हशीसारखं पसरलेलं. आणि तिसरं लहानसं, निळ्या पेटीत बसणारं, पेटीला मूठ.

आबा उकिडवे बसले. तिन्हींकडे बराच वेळ नुसतं पाहिलं. मग हिरव्याकडे बोट केलं. "दात देखाडा."

"आबा, हे मशीन आहे," पितांबर म्हणाला.

"ते माले दिसस. दात देखाडा."

पितांबरने वरचं झाकण काढलं. आत अर्धगोलात टाइपांच्या काड्या उभ्या होत्या, टोकाला अक्षरं. आबांनी त्यांवरून अंगठा फिरवला. "हाउ घसाई जायेल शे. हाउ बी. रंग नवा, पन म्हतारं शे हाई."

पितांबरचा चेहरा जरा बदलला. "बरोबर आहे. ते मी तुम्हाला घ्या म्हणणार नव्हतोच."

"अन् या धाकल्याना आधीना धनी कोन?"

"शिरपूरकडचे एक वकील. ते वारले. पोरांना नको होतं."

"म्हंजे खोड मशीनमा नही. धनी गया."

"तसंच समजा."

"चालाडी देखाडा."

पितांबरने रोलर उजवीकडे सारला, डावीकडे सारला. आबा मान तिरकी करून चाल पाहत होते, कान देऊन खुराचा आवाज ऐकल्यासारखे. जिन्यातल्या दोन पोरी फिदीफिदी हसल्या. एकजण हळूच म्हणाली, "आता शेपूट बघतील." सुनंदाचे कान तापले. ती आबांपासून अर्धं पाऊल बाजूला सरकली. त्यांनी पाहिलं नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण ते अर्धं पाऊल तिच्या मनात पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं.

मग ती निळ्या पेटीपुढे बसली. पितांबरने कागद घातला. तिने आबांचं नाव टाइप केलं, गावाचं नाव टाइप केलं. बोटं विसरली नव्हती. लोण्यात फिरावीत तशी फिरली आणि आवाज किती, तर पावसाचे चार थेंब पत्र्यावर पडावेत इतका. मांडीवर घेऊनही बसता येईल. उज्जू निजली असताना करता येईल. काम झालं की पेटी बंद, फडताळात.

"ते काळं एकदा बघा," पितांबर म्हणाला. "दिसायला राकट आहे, पण..."

"हेच," सुनंदा म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "जिले हाकनं शे तिनी पसंत."

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या हातावर टाकलं आणि हात पुढे केला. पितांबर बघतच राहिला. जिन्यातल्या पोरी पुन्हा हसल्या. पण मिस्तरीने हात चिंध्यांना पुसला आणि उपरण्याखाली घातला. त्याचे वडील बैलबाजारात दलाल होते, हे सुनंदाला फार पुढे कळलं. उपरण्याखाली बोटांची बोलणी सुरू झाली. कापड मध्येच हलायचं, पितांबर मान हलवायचा, आबा आभाळाकडे बघायचे. भाव काय ठरला ते तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

"कामनी बोली," हात सोडायच्या आधी आबा म्हणाले. "आठ दिन. काम नही कयं ते परत."

"आठ दिवस," पितांबर हसत म्हणाला.

*

चांदाच्या खुंट्याजवळ उजेड बरा येई. तिथली जमीन द्रौपदाबाईंनी सारवली, पाट मांडला आणि पाटावर मशीन आलं. उज्जू शेजारी फतकल घालून बसली. छगन बावीस अर्जांचा मजकूर देऊन गेला.

सुनंदाने चार कागद, मध्ये तीन कार्बन, असा गठ्ठा रोलरात घातला. क्लासमध्ये नेहमी एकाच कागदावर टाइप केलेलं. कार्बन म्हणजे काय ते माहीत होतं, हाताळलेला नव्हता. 'मु. पो. खैरपाडे, ता. जि. धुळे' इथून सुरुवात करून खालच्या सहीच्या जागेपर्यंत आली आणि मोठ्या हौसेने कागद सुटे केले.

पहिला छान होता. दुसरा फिका. तिसऱ्यावर सावली पडल्यासारखी अक्षरं. चौथ्यावर नुसता धूर.

ती जोरात मारू लागली. वरच्या कागदाला भोकं पडली, चौथ्यावर तरी धूरच. मग एकेक अर्ज दोनदा टाइप करायला घेतला, म्हणजे दोन-दोन प्रती. वेळ दुप्पट, आणि दुसरी प्रत तरीही फिकी. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं अशी ठसठसायला लागली की भाकरी तिला नुसत्या तळहाताने थापावी लागली. द्रौपदाबाईंनी परात ओढून घेतली आणि स्वतः थापायला बसल्या.

छगनने येऊन पहिल्या अर्जाची चौथी प्रत उजेडाला धरली. "वहिनी, हे वाचता येत नही. साहेब माले परत धाडी." तो ओशाळला होता. "सोमवारलोंग वाट देखस. मंग धुळ्याले देना पडी."

त्या दुपारी सुनंदा मशीनपुढे नुसती बसून राहिली. समोर रिकामा खुंटा होता. कडब्याचं कुटार अजून कोपऱ्यात पडलं होतं. आबा आले, उकिडवे बसले, चारी कागद जमिनीवर ओळीने मांडले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण काळं कुठे फिकं होत गेलं ते दिसत होतं.

"हे शेवटलं वझं वढत नही," ते म्हणाले.

"नही."

आबांनी चौथा कागद उचलून पुन्हा खाली ठेवला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मी याले जुपीसन देखंच नही."

बाजारात बैल घेताना त्याला गाडीला जुंपतात. चाकं दोरखंडाने बांधतात आणि मग हाकतात. बांधलेली गाडी जो गुडघे टेकून का होईना ओढतो, तो घ्यायचा. चाळीस वर्षांत आबांनी एक बैल असा तपासल्याशिवाय घेतला नव्हता. आजूबाजूच्या चार गावांचे लोक बैल घ्यायला त्यांना सोबत न्यायचे.

"दात देख्यात, चाल देखी," आबा म्हणाले. "रिकामं चालाडं अन् खूश व्हयनू. चांदाना पैसा हातमा व्हता ना, डोकं ठिकाणवर नव्हतं."

"चूक मनी शे, आबा. पसंत मीच कयं."

"तू पोर शे. मनी हयात गई बजारमा." ते उठले. खुंटीवरचं चांदाचं दावं काढलं आणि निळी पेटी बांधायला घेतली.

*

"विकलेला माल परत घेत नाही, आबा," पितांबर म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "पाटी वाचा."

"पाटी माले वाचता येत नही," आबा म्हणाले. "हात वाचता येस. तुम्ही हात दिधा व्हता. कामनी बोली, आठ दिन. आज सातवा शे."

बोळात रिक्षा फटफटत गेली. जिन्यात पुन्हा त्याच पोरी होत्या, वह्या छातीशी. या वेळी हसलं कोणी नाही. पितांबरने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याने आबांच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. सुनंदा आबांच्या अगदी लगत उभी होती. त्यांच्या उपरण्याचा, घामाचा, बैलाच्या अंगाचा वास येत होता. अजून येत होता.

"आमचे वडील असते तर मला इथंच दोन ठेवून दिल्या असत्या," पितांबर म्हणाला आणि पेटी आत घेतली. "त्या दिवशी मी सांगत होतो. याचा रोलर मऊ रबराचा. एकट्या माणसाच्या पत्रांसाठी आहे ते. हे काळं घ्या. रोलर दगडासारखा, ठोका बसला की आरपार जातो. पण आवाज करतं, म्हणून घरी न्यायला कोणी मागत नाही."

"पाच कागद घाला," आबा म्हणाले.

"अर्ज चारच प्रतींचा असतो ना?"

"वझं जरा जास्तीच ठेवानं."

पितांबरने पाच कागद आणि चार कार्बन घातले. सुनंदाने टाइप करायला घेतलं आणि शेजारचा घड्याळवाला दुकानातून डोकावला. ठाक ठाक ठाक, ओळ संपली की घंटी, मग पुन्हा ठाक ठाक. बोटांना जोर लागत होता, पण तो जोर वाया जात नव्हता. तिने पाचवा कागद काढून आबांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाला धरला. अक्षरं काळीभोर होती. त्यांनी अंगठा फिरवला, काळं अंगठ्यालाही लागलं.

"कोनं नाव शे?"

"तुम्हनं. रुपचंद."

आबांनी कागदाची घडी करून छातीच्या खिशात ठेवली आणि उपरणं पुन्हा हातावर टाकलं. पितांबरने या वेळी आधीच हात पुसून ठेवला होता. निघताना त्याने रिबनीची एक डबी आणि कार्बनचा एक जुडगा वर दिला.

एसटीत आबांनी मशीन टपावर चढवू दिलं नाही. सीटच्या लोखंडी पायाला दाव्याने बांधलं आणि वर हात ठेवून बसले. कंडक्टर वाकून पाहू लागला.

"आबा, काय आहे हे?"

"बैल शे."

"मग दोघांचं तिकीट लागेल, बैलाचं आणि त्याच्या जोडीदाराचं."

"जोडी नही," आबा म्हणाले. "एकच शे."

कंडक्टर हसला, मग आबांच्या तोंडाकडे पाहून पुढच्या सीटकडे गेला.

*

पहिल्या दिवशी उज्जू दचकून रडत उठली. द्रौपदाबाई म्हणाल्या, "परातवरना उंदीर बरा व्हता, हाउ ते वाघ शे." गल्लीतली पोरं दाराशी गोळा झाली. हिलालची बायको मीठ मागायच्या मिषाने येऊन गेली. पण सोमवारी बावीस अर्ज, चार-चार प्रती, छगनच्या काखेत गेले. त्याने सगळ्यात खालचा कागद उजेडाला धरला, कानाची पेन्सिल काढून पुन्हा कानालाच लावली. "वहिनी, पुढल्या आठवड्यामा वार्षिक सभाना कागद आणस," एवढंच म्हणाला.

पेरणी हिलालच्या जोडीने झाली. भिकन आठवड्याला यायचा, ओट्यावर पाय पसरून आवाज ऐकत बसायचा. श्रावण लागेपर्यंत गावाला त्या आवाजाची सवय झाली होती. कोणी वाट विचारली तर लोक सांगायचे, ठोकणं ऐकू येतं त्या घरापासून डावीकडे. उज्जू तर त्या आवाजातच निजायची, आणि सुनंदा कागद बदलायला थांबली की जागी व्हायची. अर्जांची सुरुवात तिला पाठ झाली होती. भातुकली खेळताना ती बाहुलीला विचारायची, "तुनं मुक्काम पोस्ट काय?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. आबांनी सवयीने वाटीत तूप आणि हळद घेतली, चुलीवर कोमट केली आणि गोठ्यात आले. मग वाटी हातात धरून तसेच उभे राहिले. सुनंदा मशीनवर फडकं मारत होती. पितांबर मिस्तरीने बजावलं होतं, पातळ तेलाशिवाय याला काही लावायचं नाही. आबा खाली बसले. तुपात बोट बुडवून त्यांनी रोलरच्या एका टोकाला चोळलं, मग दुसऱ्या टोकाला, जिथे हात लावून सारतात तिथे. सावकाश, गोल गोल. सुनंदाने फडकं मांडीवर ठेवलं आणि त्यांना चोळू दिलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतून घुंगरमाळा वाजत गेल्या. हिलालची जोडी दाराशी आली. द्रौपदाबाईंनी तिला ओवाळलं, पुरणपोळी भरवली. बैलांसाठी केल्या होत्या तीन. एक ताटात राहिली. ताट घेऊन त्या गोठ्याच्या दाराशी आल्या, मशीनला कुंकू लावलं आणि ताट पाटाजवळ ठेवून गेल्या. आबा उंबऱ्यात पाठमोरे बसून दोरी वळत होते.

उज्जू येऊन सुनंदाला चिकटून बसली. हाताला गुळाचा चिकटपणा, कपाळावर आजीने लावलेलं कुंकू.

"माय, चांदाले चिठ्ठी लिख."

"काय लिखू?"

"पोळा शे म्हनावं. पुरनपोळी ठेयेल शे म्हनावं."

सुनंदाने कोरा कागद घातला. हसत हसतच घातला. रोलरला तूप होतं, बोटं जरा घसरली.

"तशी नही," उज्जू म्हणाली. "आधी मुक्काम पोस्ट लिखस ना तू. ते लिख."

तिने लिहिलं. मु. पो. तेवढे ठोके गोठ्यात वाजले. मग तिची बोटं वरच्या वर थांबली. उंबऱ्यातली दोरी वळायची थांबली.

उज्जूने कागदाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढे लिख ना, माय. चांदा आते कोना गावमा राहास?"